कोरंजगडाची टाळी

“…पण एकट्या माणसानं वर जाऊन बघण्यासारखं आहे का काही? की उगाच तंगडतोड?”

तुषार खांद्यावर घागर घेऊन तकियाच्या पायरीशी आला होता. तो तिथंच थांबला.

हा आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता. तोच काय, सगळ्या तालुक्यानं ओळखला असता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुठली रद्द झाली, हे सगळं वर्षानुवर्षं याच आवाजानं स्टँडच्या भोंग्यातून सांगितलं होतं.

रंगनाथ वायाळ. स्टँडचे कंट्रोलर. तुषारचे वडील.

कडुलिंबाखालच्या ओट्यावर बसून ते पाणी पीत होते. त्यांच्यासमोर मुरादशहाबाबा रिकाम्या रांजणात कोपरापर्यंत हात घालून शेवाळ घासत होते.

तकिया म्हणजे काय, तर फकिराची राहायची जागा. इथं ती किल्ल्याच्या पायथ्याला होती. एक झाड, एक ओटा, एक खोली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी प्यायला दोन रांजण. तुषार मागल्या उन्हाळ्यापासून इथं होता. ज्ञान मिळेल म्हणून राहिला. मिळालं काय, तर खांद्याला घट्टा.

“वेळ किती आहे तुझ्याकडं?” बाबांनी रांजणातूनच विचारलं. त्यांचा आवाज आत घुमला.

“गाडी पुढं बोरवाडीला जाऊन परत येईपर्यंत.”

“म्हणजे थोडा.”

“म्हणून तर विचारतोय.” वायाळांनी तांब्या खाली ठेवला. “कंडक्टर म्हणाला, काही नाही, दगड आहेत. शेजारी एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, कोरंजगडाला येऊन टाळी ऐकली नाही तर आलात कशाला. आमचे मेव्हणे म्हणतात, फोटोत बघितलं की झालं. आता कुणाचं खरं धरायचं? माझे गुडघे असे. वर जायचं आणि हात हलवत परत यायचं, त्यापेक्षा…”



हा माणूस असाच. घरात पंखा घ्यायचा होता तेव्हा सगळ्या डेपोला विचारून आला होता. उन्हाळा संपला. पंखा आला नाही.

तुषारनं घागर दुसऱ्या रांजणात रिकामी केली. मुद्दाम जोरात. निम्मं पाणी बाहेर सांडलं, वायाळांच्या चपलांपर्यंत गेलं.

त्यांनी चपला उचलून ओट्यावर ठेवल्या. वर पाहिलं नाही.

“एकटा कुठं आहेस?” बाबा म्हणाले. “खाली वाजवायला हा पोरगा आहे की.”

…

कोरंजगडाची टाळी ठाऊक नाही असा माणूस त्या बाजूला सापडायचा नाही. शाळांच्या सहली तिच्यासाठी येतात. पतसंस्थांच्या कॅलेंडरवर ती असते, म्हणजे दरवाजाचं चित्र असतं, टाळीचं कसं असणार.

पहिल्या दरवाजाच्या कमानीत, अगदी मध्यावर, एक काळा दगड बसवलाय. त्याच्याखाली उभं राहून टाळी वाजवली की ती थेट वर बारादरीत, म्हणजे माथ्यावरच्या कमानींच्या दालनात, निघते. तिथं भिंतीत एक कोनाडा आहे. कोनाड्याला कान लावला की टाळी अशी ऐकू येते, जणू कुणी कानाशी येऊन वाजवली. जुन्या पहारेकऱ्यांनी केलेली सोय असणार.

गंमत एवढीच, की तिला दोन माणसं लागतात. एक खाली, एक वर. एकट्या माणसाला कोरंजगड म्हणजे नुसता चढ.

म्हणून कुणी एकटा आला की बाबा तुषारला पिटाळायचे. जा, वाजवून ये. तुषार जायचा, टाळी वाजवायचा, आणि वरच्याला काय वाटलं याची वाट न बघता वळायचा. बघायला आलेल्या लोकांचा त्याला कंटाळा होता. चढायच्या आधीच ‘वर काय आहे, वर काय आहे’ म्हणून जीव खायचे. काय आहे ते वर जाऊन बघा ना, बाप्पा.

आणि बाबा तरी सरळ सांगतील? एकाला म्हणायचे जा, दुसऱ्याला म्हणायचे जाऊ नको. परवा एका कुबडीवाल्याला जा म्हणाले, आणि नवीन लग्न झालेल्या धडधाकट जोडप्याला पाणी पाजून परत पाठवलं. का, म्हणून तुषारनं विचारलं, तर म्हणे, “तहान लागली होती त्यांना.”

म्हातारी माणसं सरळ का बोलत नाहीत? वय झालं की जिभेला वळणं पडतात का?

“मी वाजवणार नाही,” तुषार म्हणाला.

“का?”

“नाही वाजवणार. यांना सांगा, वर बघण्यासारखं काही नाही. आले तसं जावं.”

बाबांनी हात बाहेर काढला. कोपरापर्यंत हिरवा.

“ते समोर बसलेत. तूच सांग.”

“मला त्यांच्याशी बोलायचं नाही.”

वायाळ खाकरले. नजर किल्ल्याकडे. “बाबा, तो मुलगा काय म्हणतोय?”

“तू बहिरा आहेस?”

“नाही… तसं नाही. विचारा त्याला, जेवणखाण नीट होतं का इथं.”

“त्यांना सांगा, होतं.”

“विचारा, त्याची आई—”

“आईला मी फोन करतो दर रविवारी. सांगा त्यांना. त्यांना ठाऊक नसेल तर घरात विचारायचं. सगळ्या दुनियेला विचारतात, घरात तेवढं विचारत नाहीत.”

बाबांनी काथ्या रांजणात भिरकावला.

“ए, मी काय भोंगा आहे?”



भोंगा हा शब्द बाबांना सहज आला असेल. पण त्या दोघांच्या मध्ये तो शब्द म्हणजे पेटलेला निखारा होता.

…

मागल्या उन्हाळ्यात तुषार कॉलेजातून सरळ स्टँडवर गेला होता. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. नापास बिपास नव्हता. एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की शिकवणाऱ्यांना त्यातलं काही येत नाही, आणि येत नाही याचं त्यांना काही वाटतही नाही. तो उठला आणि वर्गाबाहेर पडला. एवढंच.

कंट्रोलरच्या खिडकीशी उभं राहून त्यानं वडिलांना सांगितलं. सोडलं कॉलेज.

वायाळ भडकले. भडकले तेव्हा त्यांचा हात माईकच्या बटणावर होता. तो कायम तिथंच असायचा. आणि हात असला की दाबायचा, ही सवय.

“मला मुलगा नाही! होता तो मेला, असं समजतो मी!”

सगळ्या फलाटांवर.

रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. एका ड्रायव्हरनं चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला. तुषारच्या शाळेतल्या चौधरीबाई बॅगेवर बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं, जणू ते आभाळातून आलं. मग एकेक मान खिडकीकडे वळली. मेलेला मुलगा खिडकीशी उभा होता. पाठीवर सॅक.

वायाळांच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. चेहरा पांढरा पडला. बटण अजून दाबलेलंच होतं, एक शब्द बोलायचा होता. एक.

त्या माणसानं काय केलं? पुढची गाडी पुकारली. त्याच दमात. मार्ग, फलाट, प्रवाशांनी नोंद घ्यावी.

तुषार त्याच गाडीत बसला. ती गाडी कोरंजगडावरून जाते.

…

“एवढ्या सगळ्यांना विचारलंस,” बाबा वायाळांना म्हणाले. “कंडक्टरला, त्या बाईला, मेव्हण्याला, मला. याला विचारलंस?”

वायाळांनी टोपी काढली. पुन्हा घातली.

कडुलिंबावर एक कावळा उगाच ओरडत होता.

“…काय रे.” ते म्हणाले. आवाज असा, की शेजारच्या फलाटावरही गेला नसता. “आहे का बघण्यासारखं?”

त्या दिवसानंतर बापानं पोराशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आणि ते काय, तर किल्ला बघण्यासारखा आहे का.

तुषारला हसावं की घागर फोडावी कळेना.

“मेलेल्या माणसाला विचारताय?”

…

वायाळ उठले. पिशवी ओट्यावरच ठेवली. चपला घातल्या. ओल्या होत्या.

आणि चढायला लागले.

“ओ!” तुषार ओरडला. मग त्याला आठवलं, आपण बोलत नाही. तो बाबांकडे वळला. “कुठं निघाले? मी वाजवणार नाही म्हणालो ना! काय ऐकणारेत वर जाऊन? गुडघे गेलेत त्यांचे. गाडी चुकेल. थांबवा ना त्यांना!”

“मी कशाला थांबवू? माझा बाप आहे?”

“मग निदान सांगायचं, जाण्यासारखं नाही म्हणून! इतरांना सांगता की!”

तो पुढं असंही म्हणाला, “तुम्ही स्वतः कधी वर गेलाय का?” रागाच्या भरात. वर्षभर मनात होतं ते.

“गेलोय.”

“मग? ऐकू आली टाळी?”

“नाही.”

“का?”

“खाली कुणी नव्हतं.”

बाबा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत. तुषारजवळ आले. त्यांनी त्याच्या हातातली घागर काढून घेतली, स्वतःच्या खांद्यावर ठेवली आणि विहिरीकडे चालायला लागले.

तुषार आल्यापासून असं झालं नव्हतं. बाबांनी पाणी आणलं नव्हतं.

“मी आणतो! द्या इकडं!”

बाबा थांबले नाहीत.

तुषार तिथंच राहिला. रिकामे हात घेऊन. हातांचं काय करावं, हे त्याला समजेना. खिशात घातले, काढले. काखेत दाबले.

“मी वाजवणार नाही!” तो बाबांच्या पाठीमागून ओरडला.

“मी कुठं म्हणतोय,” बाबा म्हणाले.

…

तो दरवाजात गेला ते वाजवायला नाही. सावलीसाठी गेला, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. कमानीखाली गार होतं. वटवाघळांचा वास.

पायऱ्यांवर वर कुठंतरी चपला फटक-फटक वाजत होत्या. थांबायच्या. पुन्हा वाजायच्या. मग बराच वेळ काहीच नाही.

पडला की काय म्हातारा?

पडू दे. कुणी सांगितलं होतं चढायला?

तुषार काळ्या दगडाखाली आला. सवयीनं. हात काखेतच.

आता कोनाड्याला कान लावून उभा असेल. टोपी हातात. ऐकत असेल. येईल, येईल, म्हणून. राहू दे उभा. त्यालाही कळू दे, कुणाच्या एका आवाजाची वाट बघणं काय असतं. मी त्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. गाडी सुटेपर्यंत वाट पाहिली. भोंगा पुन्हा बोलेल म्हणून. बोलला. गाड्यांची नावं बोलला.

टक. टक.

तुषार दचकला.

कमानीत कुणी नव्हतं.

टक. टक. बोटाच्या पेरानं दगडावर ठोकल्यासारखं. अगदी कानाशी.

मग खाकरणं.

ते खाकरणं त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. माईकवर आधी दोनदा ठोकायचं, मग खाकरायचं, मग बोलायचं.

टाळी खालून वर जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुषारनं ती कितीदा पाठवली होती. पण वाजवून झाली की तो वळायचा. वरचंही खाली येतं, हे कळायला तिथं थांबावं लागतं. तो कधी थांबलाच नव्हता.

“प्रवाशांनी… कृपया लक्ष द्यावे.”

तुषारला हसू यायला हवं होतं.

“मागल्या उन्हाळ्यात या… स्टँडवरून एक सूचना देण्यात आली होती. ती सूचना… चुकीची होती. ती रद्द समजावी.”

मध्येच श्वास. चढून आलेल्या माणसाचा.

“ही दुरुस्ती लगेच द्यायला पाहिजे होती. बटण हाताखाली होतं. दिली नाही. रोज वाटायचं, उद्या देऊ. मग रिटायर झालो. आता माईक नाही.”

कमानीतून एक वटवाघूळ गेलं.

“झालेल्या गैरसोयीबद्दल…”

आणि पुढचा शब्द आला नाही.

तुषार वर त्या काळ्या दगडाकडे बघत राहिला. हे वाक्य या माणसानं आयुष्यभर रोज म्हटलं होतं. पंक्चर झालेल्या गाड्यांसाठी, न आलेल्या ड्रायव्हरांसाठी, परक्या लोकांसाठी. धाडकन म्हणून मोकळा व्हायचा. आज त्याचा एक शब्द निघत नव्हता.

“…गैरसोयीबद्दल…”

मग चपलांचा आवाज. लांब जाणारा.

तुषारचे हात काखेतून सुटले होते. छातीपाशी आले होते, तळवे समोरासमोर. त्यानं ते बघितले आणि खाली टाकले.

…

“भिंतीला सांगतोय!” तो धावत तकियावर आला तो ओरडतच. “काय माणूस आहे हा! मी समोर उभा होतो तेव्हा किल्ला बघण्यासारखा आहे का, आणि तिकडं वर जाऊन भिंतीला सांगतोय! तोंडावर बोलायला काय होतं?”

बाबा घागर रांजणात ओतत होते. दम लागला होता. एक थेंब सांडला नाही.

“कोण?”

“कोण म्हणजे! ते!”

“वर बोलले?”

“मग काय सांगतोय मी?”

“भिंतीला?”

“हो!”

“मग तुला कसं कळलं?”

हा माणूस आणि तो माणूस, दोघांनाही एका गाडीत बसवून बोरवाडीला पाठवावं, असं तुषारला वाटलं.

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. लाल गाडी परत आली होती.

वायाळ पायऱ्या उतरत होते. उतरत कसले, एक पाय ठेवायचा, दुसरा त्याच्याशेजारी आणायचा, भिंत धरायची. सदरा पाठीला चिकटलेला. तकियाशी आले तेव्हा त्यांनी तुषारकडे पाहिलं नाही. बाबांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

“काही नाही ऐकू आलं,” ते बाबांना म्हणाले. पाणी हनुवटीवरून ओघळलं. “लोक उगाच सांगतात. कंडक्टरचंच खरं होतं.”

त्यांनी पिशवी उचलली.

हॉर्न पुन्हा.

“खाली येतं,” तुषार म्हणाला.

वायाळ थांबले. “…काय?”

“वरचं. खाली ऐकू येतं.”

पिशवीचा बंद त्यांच्या हातातून अर्धा सुटला. ते बाबांकडे बघायला गेले, सवयीनं, मध्ये कुणीतरी असावं म्हणून. बाबा पुन्हा डोकं खाली घालून रांजण घासायला बसले होते.

मग त्यांना तुषारकडेच बघावं लागलं.

“सगळं?”

“सगळं नाही.” तुषारचा आवाज अजून रागातच होता. तो काही एवढ्यात जाणार नव्हता. “शेवटचं वाक्य अर्धंच होतं.”

वायाळांचे ओठ हलले. ते खाकरले. उजव्या हाताचं बोट ठोकायला काहीतरी शोधत होतं. काही सापडलं नाही.

रस्त्यावरून कंडक्टरनं दारातून अंग बाहेर काढलं.

“ओ वायाळसाहेब! चला लवकर, गाडी लेट होतीय! झाला का बघून कोरंजगड?”

बाबांनी रांजणातून डोकं वर न काढता उत्तर दिलं.

“आत्ता कुठं आलाय तो.”